एलईडी लागला म्हणजे झालं?

"हे सगळं मला काय सांगतेस? मॅगझिनमध्ये लिही!"

मिनी प्रोजेक्टच्या शेवटच्या रिव्ह्यूमध्ये सर मला असं म्हणाले, तेव्हा ते वैतागून म्हणाले होते. पण मी ते मनावर घेतलं. त्यात इंग्रजी विभागाची पानं आधीच भरलेली निघाली आणि मराठी विभागाला लेख कमी पडत होते. म्हणून हा उद्योग. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते. तिथे वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा (दोन रुपये, मॉनिटरकडे रोख!). त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ आईने फोटोवरून तपासून दिले आहेत. तिच्या नजरेतून सुटलेले माझे.

तर विषय असा. आपल्या डिपार्टमेंटच्या एम्बेडेड लॅबमध्ये, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात चाळीस बोर्ड पडून आहेत. २०२२ च्या बॅचच्या सिनिअर्सनी ते स्वतः डिझाइन करून, पीसीबी मागवून, रात्र रात्र बसून सोल्डर केले होते. एसटीएम३२एफ१०३ ही चिप, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, एक एलईडी, दोन बटणं, सिरियलसाठी पिना. आपल्या ८०५१ च्या किटपुढे हा बोर्ड म्हणजे राजाच! (८०५१ इंटेलने १९८० साली काढला. आपल्यापैकी अनेकांचे आईबाबा तेव्हा शाळेत होते.) सिनिअर्सना प्रोजेक्टला बक्षीस मिळालं, नोटीस बोर्डावर फोटो लागला, ते पास आऊट झाले. आणि बोर्ड कपाटात गेले ते गेलेच.

का? तर त्यांचा कोड कोणाकडेच नाही. लॅबच्या पीसीवर एक हेक्स फाइल तेवढी आहे. हेक्स फाइल म्हणजे शिजलेली भाजी. खाता येते, पण तिखट कमी करा म्हटलं तर करता येत नाही. ती बोर्डावर चढवली की एलईडी लुकलुकतो आणि सिरियलवर कॉलेजचं नाव येतं. बस. मी धीर करून एका सिनिअरला फोन लावला.

"दादा, तो ट्रेनिंग बोर्डाचा सोर्स कोड असेल का तुमच्याकडे?"

"अगं, तो जुन्या लॅपटॉपवर होता. लॅपटॉप मी केव्हाच बदलला. पण बोर्ड एकदम सोपा आहे, करशील तू!"

दादाचा मला राग आला नाही. त्याला कोणी कोड मागितलाच नव्हता. रिपोर्ट मागितला, तीन प्रतींत, काळ्या बाईंडिंगमध्ये, सोनेरी अक्षरांत. तो त्याने दिला. तो लायब्ररीत आहे. मी वाचला. ऐंशी पानांतली पहिली तीस 'मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय' यावर आहेत.

तेव्हा आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्टसाठी विषय दिला : या बोर्डाला झेफिरचा सपोर्ट द्यायचा.

आता झेफिर काय ते सांगायला हवं, कारण हा अंक सिव्हिल-मेकॅनिकलवालेही वाचतात (निदान फोटो तरी बघतात). मायक्रोकंट्रोलरवर विंडोज चालत नाही हे उघड आहे, पण २० केबी रॅममध्ये मावणाऱ्याही ऑपरेटिंग सिस्टिम असतात. एकाच वेळी चार कामं चालू असताना कोणाची पाळी केव्हा हे त्या ठरवतात. फ्री-आरटीओएस तुम्ही ऐकलं असेल, ते रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलं. झेफिर त्यामानाने नवीन. लिनक्स फाउंडेशनने ते २०१६ मध्ये जाहीर केलं, पण त्याचं मूळ बेल्जियममधल्या 'व्हर्चुओसो' नावाच्या जुन्या सिस्टिमपर्यंत जातं. ती पुढे विंड रिव्हर कंपनीने घेतली. विंड रिव्हर म्हणजे तीच, जिचं व्हीएक्सवर्क्स १९९७ मध्ये पाथफाइंडरबरोबर मंगळावर गेलं होतं. व्हायवात 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन' विचारलं की आपण सगळे धावत मंगळावर जातो, तेच ते!

झेफिरमध्ये शेकडो बोर्डांचा सपोर्ट तयार आहे. सिस्टिम घ्यायची, बोर्डाचं नाव सांगायचं, बिल्ड करायचं. पण आपल्या सिनिअर्सनी बनवलेला बोर्ड जगात फक्त आपल्याच कपाटात आहे, त्याचं नाव झेफिरला कुठून माहीत असणार?

बोर्ड सपोर्ट म्हणजे काय हे मी माझ्या रूममेटला (सिव्हिल) असं समजावलं. समज, हॉस्टेलला नवीन रेक्टर मॅडम आल्या. हॉस्टेल कसं चालवायचं हे त्यांना पक्कं येतं. हजेरी केव्हा, गेट केव्हा, मेसची तक्रार कोणाकडे. ही झाली ऑपरेटिंग सिस्टिम. पण आपल्याच बिल्डिंगमध्ये पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे, गच्चीची किल्ली कोणाकडे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरचं बटण इलेक्ट्रिशियनने उलटं बसवलंय, वर केलं की दिवा लागतो, हे त्यांना कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं ना? झेफिरमध्ये त्या कागदाला डिव्हाइस ट्री म्हणतात. एलईडी कोणत्या पिनवर, सिरियल कोणत्या पिनांवर, क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, सगळं त्यात. आमच्या बोर्डावरचा एलईडी पण कॉरिडॉरच्या बटणासारखाच आहे. त्याचं एक टोक सप्लायला जोडलंय, म्हणून पिन शून्य केली की तो लागतो. हे एकदा त्या कागदावर लिहिलं, की वरच्या प्रोग्रामला त्याची फिकीर नाही. प्रोग्राम म्हणतो 'लाव', आणि तो लागतो.

लिनक्समध्ये हा कागद मशीन चालू होताना कर्नल वाचतं. झेफिरमध्ये तो बोर्डापर्यंत जातच नाही. आपल्या पीसीवर बिल्ड होतानाच वाचला जातो आणि त्याचे सी मधले मॅक्रो तयार होतात. बरोबरच आहे, २० केबीत कागद ठेवायला जागा कुठली!

याशिवाय आणखी पाच-सहा छोट्या फाइली. एकीत बोर्डाचं नाव आणि चिप, एकीत कोणते ड्रायव्हर आधीपासून चालू हवेत, एकीत प्रोग्राम कोणत्या प्रोग्रामरने चढवायचा, एकीत टेस्टसाठी रॅम-फ्लॅशची माहिती. आणि एक डॉक्युमेंटेशन. आमची चिप झेफिरला आधीच ओळखीची असल्यामुळे यात सी ची एकही ओळ लिहावी लागत नाही. (चिपच नवी असती तर क्लॉकपासून सगळे ड्रायव्हर लिहावे लागले असते, ते वेगळं प्रकरण.)

आणि इथेच आमचा विषय पडला. सी ची एकही ओळ नाही!

सर म्हणाले, "यात तुमचं काय आहे? ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्यांची, चिप दुसऱ्यांची, बोर्ड सिनिअर्सचा. तुम्ही चार फाइली कॉपी करून नावं बदलणार. नॉव्हेल्टी काय? आणि आउटपुट काय दाखवणार?"

मी म्हटलं, "एलईडी, सर."

सगळा वर्ग हसला. मग आम्ही मातीतला ओलावा मोजून झाडाला आपोआप पाणी घालण्याचा प्रोजेक्ट घेतला. दरवर्षी कोणीतरी घेतंच. कुंडीसकट सिनिअर्सकडून मिळाला.

पण तो बोर्ड काही डोक्यातून जाईना. लॅब साडेपाचला बंद आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला. (मुलांचं गेट केव्हा बंद होतं हे मला आजवर कळलेलं नाही.) म्हणजे रात्री लॅबमध्ये बसणं आम्हाला शक्यच नाही. शेवटी लॅबच्या काकांनी रजिस्टरमध्ये सही घेऊन बोर्ड नंबर १७ मला रूमवर न्यायला दिला. "पोरी, जपून. जळला तर माझ्या अंगावर येईल," एवढंच म्हणाले.

पहिला आठवडा नुसता डाऊनलोडमध्ये गेला. झेफिर आणि त्याची साधनं मिळून काही जीबी होतात आणि आपलं हॉस्टेलचं वायफाय रात्री दोननंतरच माणसात येतं. मग मी तेच केलं जे सर म्हणाले होते : कॉपी! बाजारात 'ब्लू पिल' नावाचा एक निळा स्वस्त बोर्ड मिळतो, त्याच्यावरही हीच चिप. त्याच्या फाइली झेफिरमध्ये आहेत. त्या उचलल्या, नावं बदलली, पिना बदलल्या. बिल्ड झालं. बोर्डावर चढवलं आणि एलईडी लुकलुकायला लागला!

रात्रीचे पावणेतीन. मी रूममेटला हलवून उठवलं. तिने एक डोळा उघडून बघितलं, "एवढंच?" म्हणाली आणि कूस बदलली. मला मात्र वाटलं, संपलं काम. तिथेच थांबले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती आणि सर बरोबर ठरले असते.

दुसऱ्या रात्री सिरियल जोडलं. पीसीच्या स्क्रीनवर 'हॅलो वर्ल्ड' यायला हवं. आलं काय, तर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा कानडीसारखा दिसणारा आकार. वायर बदलली. ग्राउंड तपासलं. मैत्रिणीचा यूएसबी-सिरियल आणला. तरीही तेच. तीन रात्री. दिवसा झाडाला पाणी, रात्री हा कचरा.

तिसऱ्या रात्री रूममेट अभ्यास करता करता सहज म्हणाली, "तुझा दिवा जरा घाईत नाहीये का?"

झेफिरच्या त्या प्रोग्राममध्ये एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असतो. म्हणजे मिनिटाला तीस वेळा लागायला हवा. हॉस्टेलमध्ये ऑसिलोस्कोप कुठला! मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि ती मोजायला बसली. पंचेचाळीस. पुन्हा मोजलं. पंचेचाळीस.

पंचेचाळीस भागिले तीस, दीड. बोर्ड दीडपट वेगाने पळत होता! ब्लू पिलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याला चिपच्या आत ९ ने गुणून ७२ करतात. आपल्या सिनिअर्सच्या रिपोर्टमधल्या सर्किट डायग्राममध्येही ८ च लिहिलंय. आठाची दीडपट बारा. मी मोबाइलचा टॉर्च लावून बोर्डावरची ती चकचकीत टोपी बघितली. तिच्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, १२.०००.

हे १२ चे क्रिस्टल आले कुठून, ते काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ८ चे मिळेनात, म्हणून पोरांनी ८०५१ च्या जुन्या किटसाठी आणलेले काढून लावले. ८०५१ ला १२ मेगाहर्ट्झ दिले की एक मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाची होते, हे आपण सेकंड इयरपासून घोकतोच. तर ते! १२ गुणिले ९ म्हणजे १०८. ज्या चिपला उत्पादकाने ७२ ची मर्यादा घातली आहे तिला मी तीन रात्री १०८ वर पळवत होते आणि ती बिचारी एलईडी लावत होती. सिरियलचा वेगही १,१५,२०० ऐवजी १,७२,८०० झाला होता. म्हणून तो कचरा.

फाइलमध्ये दोन आकडे बदलले. ८ चे १२ केले, ९ चे ६. बारा सक बहात्तर. स्क्रीनवर स्वच्छ अक्षरांत 'हॅलो वर्ल्ड' आणि त्यापुढे आमच्या बोर्डाचं नाव आलं. या वेळी रूममेट स्वतःहून उठून बघायला आली.

आता मला सांगा, सिनिअर्सना हे माहीत नव्हतं का? नक्कीच होतं, त्यांची हेक्स फाइल व्यवस्थित चालते. म्हणजे १२ हा आकडा त्यांच्या सोर्स कोडमध्ये होता आणि सोर्स कोड दादाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. एका आकड्यासाठी चाळीस बोर्ड इतकी वर्षं कपाटात!

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी शेवटच्या रिव्ह्यूमध्ये सरांपुढे मांडायचा प्रयत्न केला. आपल्याकडे एलईडी लागला की प्रोजेक्ट झाला. परीक्षक येतात, दिवा बघतात, मान हलवतात. पण दिवा लागणं हा फार कमी पुरावा आहे. चुकीच्या क्लॉकवर, चुकीच्या वेगात, फक्त करणाऱ्याच्या हातात आणि फक्त त्याच्याच लॅपटॉपवर, असा कसाही दिवा लागतो. तो बोर्ड दुसऱ्या कोणाला, करणारा शेजारी नसताना, वापरता येतो का, हे आपण तपासतच नाही. बोर्ड सपोर्टचं सगळं काम नेमकं तेवढ्यासाठीच असतं. म्हणून त्यात 'नॉव्हेल्टी' दिसत नाही. सगळं कसं शेजारच्या बोर्डासारखंच, त्याच नावाच्या फाइली, त्याच क्रमाने. तेच तर हवंय! मी जर त्यात माझी कल्पकता दाखवली असती, तर पुढच्या मुलीला पुन्हा तीन रात्री जागावं लागलं असतं.

सरांची बाजू मला समजत नाही असं नाही. त्यांच्याकडे तीन बॅचेस, ॲक्रेडिटेशनच्या फाइली, शिवाय मार्कांच्या तक्त्यात 'इनोव्हेशन' असा रकाना छापलेलाच आहे. 'आधी केलेलं नीट लावून ठेवणं' असा रकाना नाही. आणि सर म्हणाले तेही खरंच, की असे विषय चालू केले तर निम्मा वर्ग फाइली कॉपी करून मोकळा होईल. होईल! पण मातीच्या ओलाव्यात काय वेगळं होतं? तिथे तर कुंडीसुद्धा कॉपी होती. बोर्ड सपोर्टमधली कॉपी निदान पकडता येते. क्रिस्टल १२ चा असेल तर नुसती कॉपी चालणार नाही, सिरियलवर कचरा येईल.

मी स्वतः एक परीक्षा घेऊन पाहिली. सेकंड इयरच्या एका मुलीला बोर्ड दिला, मी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन दिलं आणि सांगितलं, मला काही विचारायचं नाही. मी पलंगावर बसून राहिले, तोंडावर बोट. तिने सगळं बरोबर केलं. बिल्ड झालं, प्रोग्राम चढला, 'यशस्वी' असा मेसेज आला. आणि दिवा लागलाच नाही! ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

झालं होतं असं, की बोर्डावर बूट झीरो नावाचा एक जंपर आहे. तो एकवर असला की चिप आपला प्रोग्राम सोडून कारखान्यात भरलेला बूटलोडर चालवत बसते. बोर्ड हातात घेतला की आधी जंपर शून्यावर सरकवायचा, ही माझ्या अंगठ्याला सवय झाली होती. अंगठ्याला माहीत होतं म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं! म्हणजे दादाने माझ्याशी जे केलं, तेच मी तिच्याशी केलं होतं. तिने मग ती पायरी स्वतःच्या शब्दांत लिहिली. माझ्यापेक्षा सोपी लिहिली आहे. तिच्या लिखाणात एक बाणाचं चित्रसुद्धा आहे.

तिच्यामुळेच आणखी एक गोष्ट कळली. आम्ही दोघींनी चाळीसही बोर्ड एकेक करून जोडून बघितले, तेव्हा सहा बोर्डांवरच्या चिपने प्रोग्रामरला आपला ओळख क्रमांक वेगळाच सांगितला. वरून नाव तेच, आतून दुसऱ्याच कोणाची नक्कल. या चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्या सहा बोर्डांना लाल टेप लावून ठेवली आहे. हेही कुठल्या रिपोर्टमध्ये नव्हतं.

बाहेर हे काम कसं करतात ते बघितलं तेव्हा मला आपल्या कपाटाची जरा लाजच वाटली. झेफिरमध्ये एखादा बदल द्यायचा तर त्याखाली आपलं खरं पूर्ण नाव घालून सही करावी लागते, की हे द्यायचा मला हक्क आहे आणि मी ते देते आहे. कोणता भाग कोण सांभाळतं याची एक फाइल असते, नावांसकट. आणि सांभाळावं लागतंच. जुलै २०२४ मध्ये ३.७ ही आवृत्ती आली, तेव्हा बोर्डाचं वर्णन करायची पद्धतच बदलली होती. जुन्या पद्धतीच्या फाइली नव्या आवृत्तीत चालेनात. झेफिरच्या घरातले बोर्ड त्यांच्या माणसांनी नव्या पद्धतीत आणले. पण ज्यांनी आपले बोर्ड आपल्याच कपाटात ठेवले होते, त्यांचं त्यांनाच करावं लागलं. आपलाही बोर्ड तसाच आहे. चाळीस नगांसाठी तो झेफिरच्या घरात देण्यात काही अर्थ नाही. बाहेरच्या फोल्डरमधला बोर्ड वापरायची सोय झेफिरमध्ये आहे, तीच आम्ही घेतली. पण मग पुढच्या बदलाला फाइली कोण सुधारणार? मी तर पुढच्या वर्षी पास आऊट (म्हणजे, केटी न लागल्यास!).

आणि हे फक्त आपल्या कपाटापुरतं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने स्वदेशी मायक्रोप्रोसेसरची स्पर्धा जाहीर केली, त्यात मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे दोन प्रोसेसर होते. आपल्या फेस्टमध्ये दरवर्षी त्यावर भाषण होतं, टाळ्या पडतात. चिप बनवणाऱ्यांना टाळ्या मिळायलाच हव्यात. पण चिप तयार झाली, की तिच्या प्रत्येक बोर्डासाठी कोणीतरी बसून हीच कामं करावी लागतात. पिना लिहा, क्लॉक लिहा, टेस्ट चालवा, डॉक्युमेंटेशन लिहा, जंपर विसरू नका. ही माणसं कुठून येणार? ज्यांनी कॉलेजात असताना एकही बोर्ड दुसऱ्यासाठी लावून ठेवला नाही, त्यांच्यातूनच?

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. नवीन सिलॅबस नको, नवीन लॅब नको. डिपार्टमेंटमध्ये जो कोणी बोर्ड बनवेल, त्याने बाईंडिंग केलेल्या रिपोर्टच्या आधी तो बोर्ड अशा एका ज्युनिअरच्या हातात द्यावा, ज्याने तो कधी पाहिलेला नाही. त्या ज्युनिअरच्या लॅपटॉपवर, करणाऱ्याने तोंड न उघडता, तो चालला तरच रिव्ह्यूची सही. आणि दरवर्षी टी.ई. च्या एका तरी ग्रुपला जुन्या बोर्डांचे सपोर्ट नव्या आवृत्तीवर आणण्याचा मिनी प्रोजेक्ट द्यावा, पूर्ण मार्कांचा. मुलींच्या ग्रुपला दिला तर बोर्ड रूमवर न्यायची परवानगीही त्यासोबत द्यावी, कारण साडेपाच ते साडेआठ मध्ये काय होणार!

सरांनी हा लेख छापायच्या आधी वाचला आहे. 'कुंडी' हा शब्द दोनदा आलाय, एकदा काढ, एवढंच म्हणाले. नाही काढला.

सध्याची परिस्थिती अशी. सगळ्या फाइली लॅबच्या चार नंबरच्या पीसीवर आणि काकांच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर आहेत. तेहेतीस बोर्ड कपाटात तयार आहेत, सहांना लाल टेप आहे, आणि १७ नंबरचा रजिस्टरमध्ये अजून माझ्या नावावर आहे. तो मी पी.एल. सुरू व्हायच्या आत परत करणार आहे. कप्प्याच्या आत दोन पानी कागद चिकटवलाय. ज्याला बोर्ड हवा त्याने आधी तो वाचावा. चूक सापडली तर तिथेच पेनने दुरुस्त करून खाली आपलं नाव आणि तारीख घालावी. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय, कृपया नेऊ नये.